दुपारचं प्रेशर

पहाटे मासे धरायला तलावावर निघताना माझी बायको मंदा म्हणायची, "बल्बाभोवती रंगीत कडं दिसून राहिलं जी. वाट धूसर दिसते."

"कामाच्या वक्तालेच कशी आंधळी होते वो तू? दुपारी तं सुईत दोरा ओवते." मी डाफरायचो.

मासे विकून भंडाऱ्याला पोचेपर्यंत दुपार व्हायची. तिला तीनदा डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, तिन्ही वेळा डोळ्यांचं प्रेशर बरोबर निघालं. डॉक्टरांशी मीच बोललो. परतताना बसमध्ये मी तिला हसलो.

पोळ्यानंतर एका पहाटे घाटाच्या पायरीवर तिचा पाय चुकला. डोक्यावर पडली. दुपार काही तिने पाहिली नाही.

काल आमच्या लेकीला, ममताला काचबिंदू निघाला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होता?"

"नाही जी. हिच्या मायचं प्रेशर बरोबर होतं. तिले पहाटेच दिसे नाही, दुपारी दिसे."

बाई म्हणाल्या, "काका, काहींचं प्रेशर पहाटे चढतं आणि दुपारी उतरतं. त्या चढउतारातच डोळ्याची नस मरत जाते. हे तेव्हा डॉक्टरांना सांगितलं नाही?"

नाही. ते मी रोज फक्त मंदालाच सुनावत होतो.