गूळतुला

दर्शना तराजूच्या पारड्यात बसली होती आणि समोरच्या पारड्यात घालायचा गूळ संपला होता.

शेवटची ढेप रचून देवराम गुरवाने हात झटकले आणि साखळी हलवून पाहिली. गुळाचे पारडे हवेतच राहिले. दर्शनाचे पारडे देवळाच्या फरशीला टेकले होते, ते तसूभरही उचलले गेले नाही.

"ताई, मांडी जरा सैल सोडा," देवराम म्हणाला. तिने सोडली. त्याने काही होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

रखमाबाईंनी रिकामी पोती झटकून पाहिली. गूळ त्यांनी स्वतः कल्याणच्या बाजारातून निवडून आणला होता. बरोबर पंचाऐंशी किलो. लेकीच्या पोटाच्या ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले होते, वर्षभरात ही पंचाऐंशीवर येईल. वर्ष झाले होते. रखमाबाईंनी तो आकडा पंचांगातल्या मुहूर्तासारखा पक्का धरला आणि टेम्पो भरला.

मागे एक कुटुंब तान्ह्या मुलाच्या साखरतुलेसाठी थांबले होते. त्यांच्यातल्या आजोबांनी घड्याळ पाहिले.

"पोट लहान करून घेतलं गं," रखमाबाईंची धाकटी बहीण शालू म्हणाली. आवाज खाली ठेवायचे तिने मनावर घेतले नाही. "जिभेला टाका घालायचा राहिला वाटतं."

दर्शनाने पदर नीट केला. पहिल्या आठ महिन्यांत तिचे तीस किलो उतरले होते. मग काटा थांबला. ठाण्याच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी समजावले होते की असे होते, शरीर मध्येच अडून बसते. त्या दिवसांत वेळच्या वेळी खाणे सोडायचे नाही. दर्शनाने मान डोलावली होती आणि वर्तकनगरला घरी जाऊन आधी सकाळचे, मग संध्याकाळचेही खाणे सोडायला सुरुवात केली होती. आता कंगव्यात केसांचा गुंता येत होता. आज सकाळपासून तिने घोटभर पाणी तेवढे घेतले होते. उपवास नव्हता. तराजू होता.

देवराम रखमाबाईंच्या जवळ सरकला. "काकू, मी मागून गुळाच्या पारड्यावर जरासा गुडघा टेकवतो. ताईंचं पारडं उचललं की तुम्ही अक्षता टाका. देवीला भाव समजतो."

"टेकव बाबा," शालू म्हणाली. "कोण बघतंय?"

रखमाबाईंनी अक्षतांची मूठ उचलली आणि लेकीकडे पाहिले.

"नको," दर्शना म्हणाली.

"अहो ताई, सगळ्यांचंच थोडंफार करतो मी."

"गुडघा लावू नका. माझं वजन अठ्ठ्याण्णव आहे."

दवाखान्याबाहेर हा आकडा तिने प्रथमच उच्चारला होता. तो सभामंडपात सगळ्यांना ऐकू गेला. साखरेची पिशवी धरलेली तरुण आई दुसरीकडे पाहू लागली.

"चार महिने तिथेच आहे," दर्शना पुढे म्हणाली. आता ती फक्त आईशी बोलत होती. "एक किलोसुद्धा नाही गेला."

रखमाबाईंची मूठ खाली आली. "मग मला सांगायचं नाही होय? फोन तर रोज करतेस."

"तू कधी विचारलंस?"

"विचारलं की तू जेवत नाहीस."



रखमाबाईंनी अक्षता पुन्हा तबकात ठेवल्या. "किती लागेल रे अजून?" त्यांनी देवरामला विचारले.

"तेरा किलो. पण अख्ख्या ढेपा घ्यायच्या तर पंधरा होतील. कोपऱ्यावर वाणी आहे, बघतो."

"पंधरा आण. उरेल तो प्रसादाला."

देवराम निघाला. "तोवर ह्या बाळाचं उरकू द्या की," शालू म्हणाली. "लोकांचा खोळंबा कशाला? आणि काय मेलं, नवस फेडायचा तर चार दिवसांनी फेडा. थोडी उतरली की या."

"शालू, ती बारीक व्हावी म्हणून नवस नव्हते बोलले मी. टेबलावरून जिवंत उठावी म्हणून बोललेले."

आजोबांनी हात हलवला. "होऊ द्या तुमचं. आमचा बाळ झोपलाय."

गूळ येईपर्यंत दर्शना खाली उतरायला उठू लागली. अर्धी उठली आणि तिने साखळी घट्ट धरली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. ती पुन्हा खाली बसली. पारडे हलके करकरले.

"सकाळी काय खाल्लंस?" रखमाबाईंनी विचारले.

दर्शना पदराचे टोक सारखे करू लागली.

रखमाबाईंनी आणखी काही विचारले नाही. पिशवीतून त्यांनी स्टीलचा छोटा डबा काढला, झाकण उघडले आणि लेकीच्या मांडीवर ठेवला. मुगाचे धिरडे होते, नखाएवढे तुकडे केलेले, बाजूला थोडे पनीर.

दर्शनाने एकदा रांगेकडे पाहिले, एकदा गुळाच्या पारड्याकडे. मग एक तुकडा तोंडात घातला आणि शिकवले होते तसा, सावकाश, पार मऊ होईपर्यंत चावला. सगळे थांबले होते. तिने दुसरा तुकडा उचलला.

"अगं ए, पारड्यात बसून खातेस?" शालू ओरडली. "वजन वाढेल ना!"

"वाढू दे," रखमाबाई म्हणाल्या. "गूळ येतोय."