फोटोखालचा शब्द

बायकोने केस बारीक कापून घेतले आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी भराभर इंग्रजीतून कौतुक केलं. नवरा तेवढा गप्प.

"अहो, तुम्हीही लिहा की काहीतरी," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "तोंडाने तर कधी म्हणाला नाहीत."

तो निवृत्त मुद्रितशोधक. शब्दकोश पाहिल्याशिवाय शब्द पुढे जाऊ द्यायची सवय नव्हती. 'प्रिटी' त्याला जरा पोरकट वाटला. 'ब्यूटिफुल' थोरल्या वहिनीने आधीच वापरला होता. 'गॉर्जस'मध्ये दागिने फार खणखणत होते, आणि 'लव्हली' तर लोक हवेलाही म्हणतात. शेवटी 'एलिगंट' सापडला. स्पेलिंग पुन्हा तपासून त्याने तो पाठवला आणि घाम पुसला.

बायको फोन घेऊन तरातरा बाहेर आली. दरम्यान तिच्या भावाने आपल्या नव्या कवळीचा फोटो ग्रुपवर टाकला होता. 'एलिगंट' बरोबर त्याच्या खाली जाऊन बसला होता.

"दादाने हात जोडलेत. म्हणतो, भावोजी, असं तर आमच्या हिनेही कधी म्हटलं नाही!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "लग्नापासून वाट पाहिली मी, आणि शब्द गेला कोणाला? कवळीला!"