लवूच्या नावाचं कुंकू

आमदारांच्या दर दोन वाक्यांना टाळ्या पडत होत्या, आणि व्यासपीठावरच्या खुर्चीत सावित्री हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. तिला यातलं काहीच सरळ वाटत नव्हतं. उगाच कोणी कोणाच्या ताटात सुरमईची तुकडी वाढत नाही, हे मालवणच्या बाजारात मासे विकून विकून तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

आमंत्रण सरपंच मंगेशने आणलं होतं. कष्टाळू बायकांचा सत्कार आहे, बरी साडी नेसून ये, म्हणाला. हा तोच मंगेश, जो पर्यटकांच्या तंबूंसाठी तिची किनाऱ्यावरची मासे सुकवायची जागा दोनदा मागून गेला होता. पाणी कुठेतरी मुरतंय, असं तिच्या तेव्हाच मनात आलं. शाल देऊन जागा काढून घेणार, दुसरं काय! ती येणारच नव्हती, पण सासू काशीबाई हटून बसली. तिचं वागणंही हल्ली कळेनासं झालं होतं. दरवर्षी नारळी पौर्णिमेला लेकाच्या नावाचा नारळ दर्यात सोडणारी म्हातारी, यंदा गुडघे दुखतात म्हणून घरीच राहिली. आज मात्र तेच गुडघे घेऊन रिक्षाने आली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

आमदार मत मागताना मालवणी बोलत आणि घोषणा करताना पुस्तकी. आज पुस्तकी चाललं होतं. समाज बदलायचा तर धोरण बदलायला हवं, विधानसभेत आपण हेच ठणकावून सांगितलं, वगैरे वगैरे. सावित्री जागेचा विषय कधी निघतो त्याची वाट बघत होती. तो निघालाच नाही.

"यापुढे आपल्या मतदारसंघात कोणाही विधवा भगिनीचं कुंकू पुसलं जाणार नाही," आमदार म्हणाले. "आणि त्याची सुरुवात आपण आज या दर्याच्या लेकींच्या सन्मानाने करतोय."

सावित्रीने मान वळवून शेजारच्या खुर्च्यांवर बसलेल्या गावातल्या बायकांकडे पाहिलं. किशोरीचं कपाळ मोकळं. सलोनीचं मोकळं. पलीकडच्या दोघींचंही तसंच. अख्ख्या रांगेत कुंकू होतं ते एकट्या तिच्या कपाळावर. म्हणजे तिलाही विधवांच्याच रांगेत बसवलं होतं.

तिचा नवरा लवू नऊ वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला तो परतला नाही. वादळानंतर होडीच्या फळ्या कुणकेश्वरच्या बाजूला लागल्या, लवू कुठेच लागला नाही. तो गेला, हे सावित्रीला पहिल्याच वर्षी उमगलं होतं. सुकत घातलेले बांगडे पालटता पालटता तिने एकटीने रडूनही घेतलं होतं. पण सासूपुढे ते तिने कधी तोंडातून काढलं नाही. काशीबाई रोज सकाळी आधी सुनेच्या कपाळाकडे बघायची आणि मगच चहाला तोंड लावायची. म्हातारीचा लेक तेवढ्या कुंकवावर जिवंत होता, आणि ते पुसलं तर म्हातारी एक दिवस काढणार नाही, याची सावित्रीला खात्री होती. म्हणून ती रोज ठसठशीत कुंकू लावत राहिली. गावातल्या बायका पाठीमागे हसायच्या, तिने त्यांना हसू दिलं.

आणि आता हे लोक साऱ्या गावादेखत, माइकवरून, त्या म्हातारीला तिचा लेक मेल्याचं सांगणार होते. जागा दिली नाही म्हणून मंगेशने असा सूड उगवावा? सावित्री उठली. मागच्या पायऱ्यांनी उतरून सासूला बाहेर काढायचं, एवढंच तिला सुचलं. पण तोवर मंगेशने पुकारा केलाच.

"कैलासवासी लवू कुबल यांच्या पत्नी, श्रीमती सावित्री."

सावित्री पायऱ्यांवरून मागे फिरली आणि थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. राग इतका होता की तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"माझो घोव जितो आसा. ह्यां नाव तुका कोणी दिल्यान, ता आधी सांग."

आमदारांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. मंगेश पहिल्या रांगेकडे बघत होता.

काशीबाई उभी राहिली होती. सावित्री धावत खाली गेली आणि म्हातारी कोसळणार म्हणून तिने तिला दोन्ही हातांनी धरलं. म्हातारी कोसळली नाही. तिचं अंग जरासुद्धा कापत नव्हतं.

"मीच दिलंय," काशीबाई म्हणाली. "तुका सांगलंय असतंय, तर तू इलंच नसतंस."

मग तिने कुंकवाचं तबक धरून उभ्या असलेल्या मुलीला जवळ बोलावलं. स्वतः विधवा झाल्यापासून काशीबाईने कुंकवाला हात लावला नव्हता. आज तिने साऱ्या गावासमोर त्यात बोट बुडवलं आणि सुनेचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"रोज सकाळी तुझ्या कपाळाक बघी होतंय, आज तरी थकलंस काय म्हणान," ती म्हणाली. "इतकी वर्सां माझ्यासाठी लावलंस गो बाय. आता तुझ्यासाठी लाव."