पडलेला दात

शाळेत दर तासाला एकदा तरी एआय वापरायचंच, असं फर्मान निघालं होतं. बाई ते पाळतात का बघायला तपासणीचे साहेब पहिलीच्या वर्गात बसले होते. तेवढ्यात एका चिमुरडीचा दात पडला. रक्त बघून तिने भोकाड पसरलं. बाईंनी तिला चूळ भरायला लावून कडेवर घेतलं. साहेब हरखून उठले. “बाई, संधी सोडू नका! घाबरलेल्या मुलाला धीर कसा द्यायचा, मशीनला विचारा. नाहीतर तपासणीत शून्य गुण द्यावे लागतील, नोकरी कायम व्हायची नाही तुमची.” बाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. एवढा शिकलेला माणूस आणि अक्कल उसनी! “हात पुढे करा,” म्हणत त्यांनी रक्ताळलेला दात साहेबांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो हात अंगापासून लांब धरला. पोरगी बाईंच्या खांद्यावर शांत झाली. “आता खुशाल द्या शून्य,” बाई म्हणाल्या, “पण आधी हात धुऊन या.”