नंबरप्लेटवरचे शब्द

कल्पना करा मुलांनो, तुमच्या राज्यातल्या प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटवर 'स्वतंत्र जगा, नाहीतर मरा' असं लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या आमच्या न्यू हॅम्पशर राज्यात तसंच असतं. आमच्या गल्लीतल्या प्रिसिलाचा दादा युद्धात मारला गेला, तेव्हा तिच्या बाबांनी गाडीवरचे ते शब्द पट्टी लावून झाकले. तिथे ते शब्द झाकणं गुन्हा होता; न्यायाधीशांनी पट्टी काढायला लावली आणि बाबांना पंधरा दिवस तुरुंगात धाडलं.

भेटीला गेल्यावर प्रिसिलाने विचारलं, "बाबा, इथे काय काम देतात?"

"नंबरप्लेटच बनवतो गं! दिवसाला चारशे." बाबा हसले. "प्रत्येकीवर तेच शब्द. दर वेळी तुझा दादा पुन्हा जातो."

बाहेर आईने गाडीचं दार उघडलं. "बस लवकर, गारठशील."

प्रिसिलाने गाडीच्या नंबरप्लेटकडे पाहिलं. ती बसली नाही. ती बर्फातून घराकडे चालू लागली.