कॅरिअरवरचा हात

बाबा लाल झेंड्यावाले लेखक, म्हणून आमच्या फाटकासमोर साध्या कपड्यातला पोलीस पाळतीवर असायचा. आई त्याला घरजावई म्हणायची. बाबांना सभांमधून सवड नव्हती आणि मी रोज सायकलवरून आपटायचे. शेवटी त्यालाच बघवेना. त्याने येऊन कॅरिअर धरलं. "समोर बघ. मागे बघायचं नाही." महिन्याभरात मी गल्लीबाहेर जाऊ लागले. एका सकाळी त्याने मला फाटकातच अडवलं. "दुपारी छापखान्यातून तुझ्या बाबांना उचलणार आहेत. जा, सांग." "आणि तुम्हाला कोणी विचारलं तर?" "पोरगी सायकल चालवत होती म्हणेन." कॅरिअर धरून तो धावला, मग त्याने हात सोडला. मी मागे बघितलं नाही. बाबा निसटले. पुढचं पुस्तक त्यांनी 'मागून धरणाऱ्या हातास' अर्पण केलं. समीक्षकांनी त्याचा अर्थ 'जनता' असा लावला. बाबा गप्प राहिले. पुस्तकं सरकारही वाचायचं.