फक्त शिसं असेल तरच

चार वर्षं प्रयोगशाळेत खपून बनवलेलं रसायन तिने पहिल्यांदाच घरी आणलं.

"हे सगळ्याच पाण्यात चमकतं का गं?" बाबांनी बाटली निरखत विचारलं.

"छे! पाण्यात शंभर गोष्टी असू देत, हे फक्त शिसं असेल तरच हिरवं चमकतं. बाकी कशाकडे ढुंकूनही बघत नाही."

"अगदी तुझ्या आत्यासारखं. नेमकी खोट तेवढी शोधणार!"

बाबा आयुष्यभर प्लंबर. या घरातल्या पाइपांचा सांधा न् सांधा त्यांनी स्वतःच्या हाताने जोडलेला, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

तिने स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी घेतलं, चार थेंब टाकले आणि बाबांकडे पाठ करून जांभळा दिवा लावला. पाणी हिरवंगार उजळलं. तिने चटकन दिवा विझवला.

"काय म्हणतंय पाणी?"

"एकदम स्वच्छ, बाबा. तुमच्या हातचं काम, बघायलाच नको."

उद्या गुपचूप चांगला फिल्टर आणून बसवायचा, असं तिने मनाशी ठरवलं.

सकाळी तिने नळ सोडला, तर पाण्याचा टिपूस नाही. बाबा ओट्याखाली पाना घेऊन आडवे झाले होते आणि अर्धेअधिक जुने पाइप बाहेर येऊन पडले होते.

"अहो बाबा, पाणी स्वच्छ आहे म्हटलं ना मी!"

"म्हणालीस खरी. पण तुझे कान लाल झाले होते." बाबांचा पाना फिरतच राहिला. "लहानपणापासून बघतोय. फक्त खोटं बोललीस तरच होतात."